आमची वाटचाल: सहाशे किलोंचं हलतं टेबल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी भाड्याच्या गाळ्यात फॅब्रिकेशन सुरू केलं, तेव्हा ऑइल इंजिन जोडणारे, त्यांना कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग, पुरवणारे आणि ते कास्टिंग लेदवर घेणारे असे सगळे हाकेच्या अंतरावर होते. आमच्याकडे गेट, ग्रिल, शटरची दुरुस्ती, इंजिनांचे स्टँड अशी कामं यायची. पुढे उसाच्या ट्रॉलीच्या चासी आल्या, फाउंड्रीतले कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, ठेवायचे रॅक आले. कामाची लांबी वाढत गेली, गाळा मात्र तेवढाच राहिला.

गाळ्याच्या मधोमध टेबल होतं. 2400 बाय 1200 मिमीची, 16 मिमी जाड प्लेट. लोखंडाचं वजन काढायचं गणित प्रत्येक फॅब्रिकेटरला पाठ असतं: एक चौरस मीटर, एक मिमी जाडी, 7.85 किलो. म्हणजे नुसती प्लेटच 360 किलोंच्या वर गेली. खाली 100 मिमी चॅनेलची फ्रेम आणि पाय, वर जॉब आवळून धरायचा मोठा व्हाइस. सगळं धरून सहाशे किलो. हे वजन हौसेचं नाही. घण बसला की टेबलानं तो मुकाट सोसला पाहिजे आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं प्लेट वाकता कामा नये. हलकं टेबल घेऊन काटकोनात फ्रेम जोडून बघा, फरक लगेच कळतो.

लांब चासी आली की हे टेबल भिंतीकडे सरकवावं लागायचं. एका बाजूनं पहार घालायची, टेबल उचललं की खाली पाइपचा तुकडा सारायचा, मग दुसऱ्या बाजूनं तेच. चार माणसं हातातलं काम टाकून यायची. वेळ जायचाच, पण मला त्याहून मोठी काळजी होती ती पाइप सारणाऱ्या हाताची. पहार निसटली तर बोटं वाचत नाहीत. ज्या कामात माणसाचा हात टांगत्या वजनाखाली जातो, ते काम बदललंच पाहिजे हे माझं ठाम मत आहे आणि आमच्या पुढच्या सगळ्या धंद्याचं मूळ तिथं आहे.

पहिली ऑर्डर मात्र दुसऱ्याच्या टेबलाची आली. एका फाउंड्रीच्या फेटलिंग खात्यात, म्हणजे कास्टिंगवरचं जादा लोखंड छाटतात तिथं, टेबलाच्या चार पायांना थेट चाकं लावून घेतली होती. ढकलायला टेबल झकास होतं. पण कास्टिंगवर छिन्नी चालवली की सगळं टेबल डुलायचं. ब्रेक लावले तरी डुलायचं, कारण साधा ब्रेक चाकाचं फिरणं थांबवतो, पण चाक ज्या खिळीवर गरकन वळतं तिथली मोकळीक तशीच राहते. तिथल्या मेस्त्रींनी एका वाक्यात काम सांगितलं, "हाललं पायजे, पण घण घातल्यावर हालायचं न्हाई."

आमची सगळी रचना त्या वाक्यावर उभी आहे. काम चालू असताना टेबल चाकांवर नसावं, स्वतःच्या पायांवर जमिनीत ठाण मांडून असावं. चाकं फक्त हलवताना खाली यावीत.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुराचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. माल येईना, तयार माल जाईना. त्या रिकाम्या दिवसांत आम्ही ही यंत्रणा कागदावरून पहिल्यांदा लोखंडात उतरवली. टेबलाच्या दोन्ही टोकांना बिजागरीवर एकेक आडवी प्लेट, प्रत्येक प्लेटखाली दोन चाकं. प्लेट खाली ढकलायला पायानं दाबायचा दांडा. दांडा 600 मिमी, चाक ढकलणारा आखूड हात 30 मिमी, म्हणजे ढोबळ वीसपट जोर. एका टोकाला तीनशे किलो येतात, ते उचलायला पायाखाली पंधरा किलो आणि घर्षणाचं थोडं वर, एवढं पुरतं. दांडा मध्यबिंदू ओलांडून जरा पलीकडे गेला की टेबलाचं वजनच त्याला जागेवर धरून ठेवतं. टेबल जमिनीपासून 12 मिमी उचललं जातं. एका माणसानं एक टोक, मग दुसरं, आणि ढकलायला सुरुवात.

यात एक बारकावा आहे, जो या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला सांगावासा वाटतो. वळणाऱ्या चाकाची खिळी उभी, ओळंब्यात असली पाहिजे. ती तिरकी राहिली तर चाक एकाच बाजूला पडू पाहतं आणि टेबल दिशा सोडतं. म्हणून वजन चाकांवर आल्यावर बिजागरीची प्लेट जमिनीला समांतर बसते आणि चाकं वर घेतल्यावर ती तिरकी होते, अशीच आखणी करावी लागते.

चाकं निवडताना चारवर भागून चालत नाही. फरशी कधीच सपाट नसते, त्यामुळे बऱ्याचदा वजन तीनच चाकांवर असतं. सहाशे भागिले तीन, दोनशे. खड्ड्यात चाक आदळलं तर झटका येतो, म्हणून आम्ही 300 किलो क्षमतेची, 150 मिमी व्यासाची चाकं घालतो. एका टोकाला सरळ, दुसऱ्या टोकाला वळणारी. चारही वळणारी घातली तर अरुंद जागेत टेबल आडवं जातं खरं, पण लांब ढकलताना भरकटतं. पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकची चाकं फरशीला जपतात, पण फॅब्रिकेशनमध्ये तापलेले गोळे आणि लेदचा चुरा त्यांच्यात रुततो. तिथं आम्ही बिडाची चाकं देतो. ती करायला कोल्हापूरबाहेर जावं लागत नाही. पॅटर्न, ओतकाम, बोरिंग सगळं ओळखीच्या लोकांकडे होतं आणि काही बिनसलं तर त्याच संध्याकाळी समोरासमोर बसून ठरवता येतं. या गावात धंदा करण्याचं हे सुख मी फार मोठं मानतो.

फाउंड्रीत वाळूनं वेगळा धडा दिला. बारीक वाळू वळणाऱ्या चाकाच्या बेअरिंगमध्ये शिरते आणि काही महिन्यांत चाक घट्ट होतं. आता फाउंड्रीला जाणाऱ्या प्रत्येक चाकाला ग्रीस निपल आणि वरून पत्र्याची टोपी असते.

2020 च्या टाळेबंदीनंतर कारखाने उघडले, तेव्हा माणसांमध्ये अंतर ठेवायचं म्हणून सगळ्यांनाच मांडणी बदलावी लागली. त्या काळात आमच्याकडे विचारणा वाढली. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी, पुढे सांगली आणि बेळगाव. नवीन टेबलांपेक्षा जुन्या टेबलांना यंत्रणा बसवून घेणारे जास्त होते, आजही आहेत. जुनं टेबल मोडून नवीन घ्या असं आम्ही कुणाला सांगत नाही. चांगली जाड प्लेट पन्नास वर्षं टिकते.

ज्यांच्याकडे हँड पॅलेट ट्रक, म्हणजे मालाखाली दोन काटे घालून तो उचलणारी हातगाडी आहे, त्यांना आम्ही आमची यंत्रणा विकतही नाही. टेबलाच्या खालच्या बाजूला काटे जातील अशा बेतानं दोन चॅनेल आडवे वेल्ड करून देतो. ट्रकचे काटे खाली असताना साधारण 85 मिमी उंचीवर असतात, त्यावर थोडी मोकळीक ठेवली की काम झालं. खर्च फार थोडा येतो. ज्याचं टेबल महिन्यातून एकदाच हलतं, त्यानं हेच करावं.

टेबल नव्या जागी ठेवलं की एक पाय हमखास अधांतरी राहतो. म्हणून प्रत्येक पायाला एम 20 चा, म्हणजे 20 मिमी व्यासाचा बोल्ट आणि खाली जाड चकती असते. बोल्टचा एक फेरा म्हणजे अडीच मिमी. लेव्हल बॉटल ठेवून जुळवायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं द्यायचीच, कारण डगमगत्या टेबलावर जोडलेली फ्रेम वाकडीच निघते.

टेबलासोबत आम्ही मराठीत छापलेला एक कागद देतो आणि पोचवायला गेलेला आमचा माणूस तो वाचून दाखवतो. हलवण्याआधी जॉब खाली उतरवा. वेल्डिंगची अर्थिंग आणि ग्राइंडरची वायर काढा. टेबल ढकला, ओढू नका, म्हणजे पाय चाकाखाली येत नाही. पाणी वाहून जायला फरशीला शंभरास एक उतार असला, तरी सहाशे किलोंचं टेबल सहा किलोंच्या जोरानं उताराकडे ओढ घेतं. उतार पन्नासास एक झाला तर ते आपणहून चालू लागू शकतं. अशा जागी खालच्या बाजूला कुणी उभं राहू नये.

वडिलांचं टेबल आता आमच्या शिरोलीच्या शेडमध्ये आहे आणि त्याला आमचीच यंत्रणा आहे. खंडेनवमीला पूजेची मांडणी त्याच्यावरच होते. सध्या उंची कमी-जास्त करता येईल अशा टेबलावर काम चालू आहे. दिवसभर वाकून फेटलिंग करणाऱ्यांच्या पाठी दुखतात, ते आम्ही रोज बघतो. स्क्रू घालावा की हायड्रॉलिक जॅक, हे अजून ठरायचं आहे. वाळूमुळे माझा कल स्क्रूकडे आहे.

टेबल करून घ्यायचं असेल तर येताना तीन मापं आणा: दाराची रुंदी, सगळ्यात मोठ्या जॉबची लांबी आणि तुमच्या टेबलाच्या प्लेटची जाडी. फरशीचा फोटोही आणा, भेगा दिसतील असा जवळून काढलेला. सोमवारी आमची सुट्टी असते.