एका गाडीला आठ टायर

साताऱ्यात पाऊल टाकले, की राजवाड्यावर किंवा पोवई नाक्यावर कोणीतरी हमखास विचारते, “काय हो, तुमच्या त्या दोन सीटच्या गाडीला म्हणे आठ टायर आहेत?” मी हो म्हणालो, की दुसरा प्रश्न तयारच असतो: “मग बर्फाच्या दिवसांत ती गाडी झाकूनच का ठेवत नाही?” एका लग्नात तर “हिमकण आमच्या वेण्णा तलावावरही पडतात, तिथे कोण टायर बदलतो?” असेही ऐकून घेतले. आजवर हसून विषय बदलत आलो. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदाच सविस्तर लिहितो. जर्मनीतले स्टुटगार्ट, तिथली नोकरी आणि ती जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार, माझदा एमएक्स-5, घेण्याचा माझा हट्ट तुम्हाला ठाऊक आहेच. ते पुन्हा सांगत नाही.

ही श्रीमंती नव्हे, एवढे आधी मान्य करावे. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठलेले पाणी असेल तर हिवाळी टायरांशिवाय गाडी चालवायची नाही, असा जर्मनीत 2010 च्या डिसेंबरपासून स्पष्ट नियम आहे आणि तो मोडल्यास किमान 60 युरो दंड होतो. त्यामुळे तिथल्या शिक्षकाकडे आणि पाववाल्याकडेही टायरांचे दोन संच असतात, आणि “ऑक्टोबर ते ईस्टर” हा हिशोब आपल्याकडच्या मृगाच्या पेरणीसारखा सर्वांना तोंडपाठ असतो.

स्पोर्ट्स कारला तर हिवाळी टायरांची गरज अधिकच, कारण तिचे उन्हाळी टायर तापलेल्या डांबराला चिकटण्यासाठी बनवलेले असतात. तापमान सात अंशांच्या खाली गेले की बाटलीतल्या खोबरेलासारखे त्यांचे रबर थिजू लागते. हिवाळी टायरचे रबर त्या थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्या बारीक चिरांत व खाचांत अडकलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. हे सगळे मी तेव्हाही वाचलेले होते. तरीही माझा युक्तिवाद असा होता की टायर काही गोटा झालेले नाहीत, खाचा सहा मिलिमीटर शिल्लक आहेत, कायद्याला 1.6 पुरतात, आणि पसरणी घाटात गाडी शिकलेल्या माणसाला गोऱ्यांनी टायर शिकवू नयेत. आज तो माणूस समोर आला तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला कळते. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर अण्णा, म्हणजे माझे वडील, महिनाभर माझ्याकडे आले होते. एसटीत 31 वर्षे चालक म्हणून त्यांनी महाबळेश्वरच्या गाड्या चढवल्या-उतरवल्या, त्यामुळे त्यांना तिथला एखादा घाट दाखवावा, असे मला वाटले. बाडेन-बाडेनवरून काळ्या जंगलाच्या (ब्लॅक फॉरेस्टच्या) माथ्याने फ्रॉयडनश्टाटकडे जाणाऱ्या रस्त्याला आम्ही लागलो. खाली नुसता पाऊस होता. रूहश्टाइनची खिंड सुमारे 900 मीटरवर, म्हणजे पाचगणीपेक्षाही खाली, आणि अण्णांनी तसे बोलूनही दाखवले. तिथे मात्र बर्फ पडत होता. शहाण्याने तिथेच थांबायला हवे होते. मी बायर्सब्रॉनच्या बाजूने उतरायला लागलो.

तिथे चालक डावीकडे बसतो. म्हणजे अण्णा उजवीकडे, ज्या बाजूला बसून त्यांनी जन्म काढला त्याच बाजूला बसले होते, पण त्यांच्यापुढे चाक नव्हते. उतार वाढला तशी मी ब्रेकवर पाय ठेवू लागलो. गाडी किंचित ओढ घेत होती. अण्णांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला गेलेला मला दिसत होता. ते म्हणाले, “ब्रेकवर नको. दुसरा टाक, दुसरा.” ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे मला त्यांनीच शिकवलेले. वेग चाळीसच्या आसपास असेल. मी तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि क्लच सोडला.

या गाडीचे इंजिन मागची चाके फिरवते. क्लच सुटताच इंजिनाने त्यांना एकदम आवरले, आणि थिजलेल्या रबराला तेवढेही पेलवले नाही. मागचा भाग डावीकडे निघाला. स्टिअरिंग उलटे वळवले, पण पुढच्या चाकांखालीही पकड नव्हती. आवाज जवळजवळ नव्हताच, हे मला अजून विचित्र वाटते. गाडी अर्धी फिरून समोरच्या बाजूच्या रस्त्यावर, तोंड चढाकडे करून थांबली. खालून एक बस येत होती. ती थोड्या अंतरावर उभी राहिली. चालक उतरला, त्याने आमच्याकडे न पाहता आधी टायरकडे पाहिले, त्यावर अंगठा दाबला आणि एकच शब्द उच्चारला: “झोमररायफन.” अण्णांनी विचारले, काय म्हणाला? मी सांगितले, उन्हाळ्याचे टायर, असे म्हणाला. अण्णा आणि तो चालक एकमेकांकडे पाहून काहीतरी समजल्यासारखे मान हलवत राहिले. स्टुटगार्ट येईपर्यंत अण्णा एक शब्दही बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी चार टायर घेतले. सतरा इंची, 205 रुंदीच्या जागी सोळा इंची रिमवर 195 घेतले, कारण रुंद टायर बर्फावर तरंगतो आणि अरुंद टायर त्यात रुततो. नुसती “एम प्लस एस”, म्हणजे चिखल आणि बर्फ, अशी अक्षरे पाहिली नाहीत. तीन शिखरांतल्या हिमकणाचे चिन्ह पाहिले, कारण ते चाचणीनंतरच मिळते. फक्त मागचे दोन बदलावेत, हा मोह झाला होता. पण मग पुढची चाके वळणावर सरळ निघून जातात. वर्षभर चालणारे टायर का नाहीत, असे भाचा विचारतो. सपाट शहरात कदाचित चालतील, पण मला तोच उतार पुन्हा उतरायचा होता.

फेब्रुवारीत मी तो उतरलोही, दुसऱ्याच गिअरमध्ये, आणि गाडी शहाण्यासारखी उतरली. म्हणजे अण्णांचे म्हणणे बरोबर होते, फक्त टायर चुकीचे होते, असे मी स्वतःला सांगतो. पण त्या दिवशी माझा वेग वीस-पंचवीस होता आणि क्लच मी हळू सोडला होता. तेव्हा श्रेय नक्की कोणाला द्यायचे, हे मला ठरवता आलेले नाही. अण्णा गावात आठ टायरांचे कौतुकाने सांगतात. दुसऱ्या गिअरचे त्यांनी कुणाला सांगितलेले नाही, आणि मीही आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

राहिला गाडी झाकून ठेवण्याचा प्रश्न. त्या हिवाळी टायरांच्या खाचा आता चार मिलिमीटरवर आल्या आहेत. शेजारच्या ऑस्ट्रियात याहून कमी खाचांचा टायर हिवाळी धरतच नाहीत. नवे चार घ्यावेत की यंदा गाडी खरोखरच झाकावी, हे ऑक्टोबरपर्यंत ठरवायचे आहे. अण्णा फोनवर म्हणाले, “घेऊन टाक.”