गो गेजवर मिटलेला बोल्ट

2024 च्या लोकसभा निवडणुकीनंतरची गोष्ट. निवडणूक आटोपली की ठाण्यात जमा केलेल्या बंदुका लोक सोडवून आणतात आणि माझ्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात पंधरा दिवस गर्दी उसळते. बेळगाव भागात बहुतेक पीकराखणीच्या बारा बोअर, नाहीतर .315 च्या रायफली. त्या गर्दीत खानापूरकडचे एक काका आले. त्यांच्या वडिलांनी एका लष्करी अधिकाऱ्याकडून घेतलेली .30-06 बोल्ट रायफल. ती मी लगेच ओळखली, कारण आदल्या वर्षी मीच तपासून ‘ठीक आहे’ असं सांगितलं होतं.

काकांनी रुमाल सोडून पाच रिकाम्या पुंगळ्या टेबलावर ओतल्या. “मिस्त्री, डुकरं हाकलायला झाडल्या. एक निघता निघंना. बाकीच्या परत भरून मिळतील काय ओ? नवीन काडतूस काय भावाला पडतंय बघा की.”

काडतुसं भरायला वेगळा परवाना लागतो, ते माझं काम नव्हे, असं मी सांगितलं. पण बोलता बोलता एक पुंगळी उचलली आणि तोंडातले शब्द तोंडातच राहिले. बुडाच्या जेमतेम सेंटिमीटरभर वर पितळेवर एक चकचकीत कडं उमटलं होतं. सायकलचा आरा टोकाला वाकवून, घासून मी ठेवलेला असतो. तो आत घालून भिंतीवरून ओढला, तर त्या जागी टोक खटकन अडलं. आतून खाच पडली होती. तिघींची तीच गत. चौथीला केसासारखी चीर, तिच्या कडेने काजळी. ती परत भरून उडवली असती तर बूड तुटून वायू मागे, थेट काकांच्या डोळ्यांकडे आला असता.

हे लक्षण हेडस्पेस जास्त असल्याचं. बोल्ट म्हणजे काडतुसामागे मिटणारी सरकती कडी, आणि चेंबर म्हणजे नळीतली काडतुसाची जागा. बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये जिथे टेकून थांबतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. .315 ला रिम, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असते, ती रिमवर थांबते. .30-06 ला तशी रिम नाही, ती खांद्यावर, म्हणजे पुंगळी गळ्याकडे निमुळती होते तिथे थांबते. अंतर जास्त असेल तर पिनच्या ठोक्याने पुंगळी पुढे सरकते, दाबाने तिची पातळ भिंत चेंबरला घट्ट चिकटते, आणि जाड बूड मात्र मागे बोल्टकडे रेटलं जातं. मग मधलं पितळ ताणतं.

मी गेज लावले, म्हणजे काडतुसाच्या मापाचे पोलादी ठोकळे: गो गेजवर बोल्ट मिटायला हवा, त्याहून किंचित लांब नो-गोवर मिटता कामा नये. गो गेजवर बोल्ट अलगद मिटला, नो-गोवर मिटला नाही. गेल्या वर्षी हेच झालं होतं आणि मी तिथेच थांबलो होतो. गेज पास आणि पुंगळ्या फाटलेल्या, याचा मेळ लागेना.

शेवटी नवं काडतूस आणि रिकामी पुंगळी खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी उभी केली. नव्याचा खांदा उतरत्या छपरासारखा, तर उडालेलीचा फळीसारखा उभट. अंगही फुगून सरळ झालेलं. गंधक वितळवून चेंबरचा साचा काढला आणि उद्यमबागेत मित्राच्या गेजरूममध्ये प्रोफाइल प्रोजेक्टरवर धरला. पडद्यावर कोन आला 40 अंशांचा. .30-06 चा खांदा साडेसतरा अंशांचा असतो, 1906 पासून.

कुणीतरी हे चेंबर रीमर, म्हणजे चेंबर कापायचं हत्यार फिरवून ‘इम्प्रूव्हड’ केलं होतं. अमेरिकेतल्या पी. ओ. अॅक्ली या गनस्मिथने गाजवलेला प्रकार. आत दारू जास्त मावावी म्हणून मूळ पुंगळीचं अंग फुगवायचं, खांदा उभा करायचा. अशांना वाइल्डकॅट म्हणतात. नळीवर मात्र नुसतं .30-06 कोरलेलं.

खरी गोम इथेच आहे. असं चेंबर नीट कापलं असेल तर साधं काडतूस गळा आणि खांदा मिळतात त्या कोपऱ्यावरच टेकतं. ते तिथे किंचित चेपून बसावं म्हणून चेंबर मूळ गो गेजपेक्षा 0.004 इंच आखूड ठेवतात. एका झेरॉक्स कागदाची जाडी. म्हणजे साध्या .30-06 चं गो गेज इथे नो-गोचं काम करतं. त्यावर बोल्ट मिटायलाच नको होता. रीमर फिरवणाऱ्याने नळी मागे न घेताच चेंबर कापलं, म्हणून ते आखूड झालंच नाही, आणि माझ्या गेजने मला जे सांगितलं ते दुसऱ्याच चेंबरबद्दल होतं. गेल्या वर्षी एक उडालेली पुंगळी मागून बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं.

संध्याकाळी काकांना फोन केला. गेल्या वर्षी माझ्याकडून चूक झाली, हे आधी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझा नातू शेजारी उभा होता, मिस्त्री.” पुढे मला काही बोलवेना.

नळी एक आटा मागे घेऊन चेंबर नव्याने कापायचं, की नळीच बदलायची, हे आता कागदपत्रं बघून ठरेल. तोवर बोल्ट काढून वेगळ्या कपाटात ठेवलाय. रायफलीला चिठ्ठी बांधली, ‘खांदा 40 अंश. .30-06 ची काडतुसं घालू नयेत.’ एकदा मराठीत लिहिली, आणि खाली कन्नडमध्ये.