तुम्ही विचारलंत म्हणून: बिअरचं सामान साबणाला चालतं का?

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. बिअर सोडून, किंवा बिअरच्या जोडीला, साबण करायचा आहे. जुन्या सामानातलं काय चालेल? त्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. एका खेपेला पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर होते आणि ती कुणीतरी संपवावी लागते. अमेरिकेच्या १९७८ च्या केंद्रीय कायद्याने मुभा दिली ती दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची, तीही विक्रीसाठी नाही. साबण वाटता येतो, विकताही येतो. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं बेकायदेशीर आहे, साबण घरच्यापुरता करा, विकायचा झाला तर परवाना लागतो.)

आता सामान. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल काटा आणि थर्मामीटर हवेतच. स्टेनलेस स्टीलचं पातेलं चालतं. अॅल्युमिनियमचं अजिबात नको: कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, ज्याने तेलाचा साबण होतो) ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. काचेच्या भांड्यात कॉस्टिक कालवू नका, वारंवार वापरलं की काच कमजोर होऊन तडकते. पॉलिप्रॉपिलीनचा जाड जग घ्या. बिअरची घनता मोजायचा हायड्रोमीटर कपाटात राहू दे. प्लास्टिकची जी बादली एकदा साबणाला वापरली ती बिअरकडे परत नेऊ नका; ओरखड्यांत तेलाचा अंश राहतो आणि तेलाने बिअरचा फेस बसतो.

सामानापेक्षा सवयी जास्त आड येतात. बिअरवाल्याचा अर्धा जीव निर्जंतुकीकरणात असतो. इथे त्याची गरज नाही, कॉस्टिकमध्ये काही जगत नाही. उलट आम्लाचं सॅनिटायझर भांड्यात राहिलं तर ते तेवढं कॉस्टिक खातं. बिअरच्या पाण्यात घालतो ते जिप्सम इथे घातक, कारण त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा न विरघळणारा साका होतो. डिस्टिल्ड पाणी घ्या. आणि पीएच मीटर असला की हात शिवशिवतात. साबणाचा पीएच ९ ते १० असणारच. सायट्रिक अॅसिड घालून तो ७ वर आणायला गेलात तर साबण मोडून पुन्हा स्निग्धाम्लं हाती येतात.

सगळ्यात मोठा फरक मापाचा. बिअरमध्ये अर्धा लिटर इकडेतिकडे झालं तरी यीस्ट सांभाळून घेतं. साबणात सांभाळून घेणारं कुणी नाही. प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक लागतं ते ठरलेलं असतं: एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३, ऑलिव्हला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम. समजा, खोबरेल ३००, ऑलिव्ह ६०० आणि एरंडेल १०० ग्रॅम घेतलं. कॉस्टिक ५४.९ + ८१ + १२.८, म्हणजे १४८.७ ग्रॅम. त्यातून ५ टक्के कमी केलं की १४१ ग्रॅम. थोडं तेल मोकळं राहतं आणि वडी कातडीला झोंबत नाही. पाणी २८० ग्रॅम. तेल बदललंत तर हिशोब पहिल्यापासून. हार्डवेअरच्या दुकानातलं कॉस्टिक घेताना डब्यावर शंभर टक्के सोडियम हायड्रॉक्साइड असल्याचं बघा; मोरी साफ करायच्या काही पावडरींत अॅल्युमिनियमचे कण असतात.

चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. ते उसळून अंगावर येतं. द्रावण बघता बघता ८० अंशांच्या वर जातं. अंगावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धरा.

तेल आणि द्रावण दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आली की द्रावण तेलात ओता. हँड ब्लेंडर थोडा फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं आणि वर ओघळाची रेघ टिकली, की ‘ट्रेस’ आला. आता सुगंधी तेल: लव्हेंडर ३० ग्रॅमपर्यंत ठीक. लवंग, दालचिनी टाळा, पातेल्यातच गोळा होतो. साच्यात ओता, एकदोन दिवसांनी कापा, चार ते सहा आठवडे वाऱ्यावर वाळवा. बारा वड्या होतात.

वर पांढरी भुकटी दिसली तर तो धुण्याचा सोडा, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे झालेला. पुसला की जातो. वडी ठिसूळ होऊन भुगा झाली आणि जिभेला झटका लागला, तर कॉस्टिक जास्त पडलंय. ती वापरू नका. महिन्यांनी नारिंगी ठिपके आले तर तेल खवट झालं. सूर्यफुलासारखी तेलं जास्त घातली की हे होतं.

मग पुढचा प्रश्न: साबणात बिअर घालू का? घाला, पण पहिल्याच खेपेला नको. ताज्या बिअरमध्ये कॉस्टिक टाकलं तर गॅसमुळे फेस उसळून बाहेर येतो, अल्कोहोलमुळे मिश्रण अचानक घट्ट होतं आणि साखरेने साचा तापून फुगतो. म्हणून बिअर उकळून निम्मी आटवा आणि गार करा. वरच्या मापात कॉस्टिक १५० ग्रॅम पाण्यातच विरघळवा आणि आटवलेली १३० ग्रॅम बिअर तेलात घुसळा. ३० ते ३५ अंशांवर मिसळा, साचा न गुंडाळता फ्रीजमध्ये ठेवा. स्टाउटने, म्हणजे काळ्या बिअरने, वडी तपकिरी होते. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास कॉस्टिकमध्ये टिकत नाही. सुरुवातीला येणारा उग्र दर्प वाळताना बराच उतरतो.