काझबेगच्या पायथ्याशी ऐकलेली ‘मामा’ ही हाक

“मामाऽऽ!”

मी वळलो. वळायचं ठरवलं नव्हतं, मान आपोआप वळली. माझ्या बहिणीला दोन मुली आहेत आणि गेली नऊ वर्षं या हाकेला मी झोपेतही ओ देतो. पण मी उभा होतो जॉर्जिया देशात, कॉकेशस पर्वतातल्या स्तेपान्त्समिंदा गावात, एका घरगुती गेस्टहाउसच्या अंगणात, आणि फाटकातून पाच-सहा वर्षांची एक मुलगी हात पसरून धावत येत होती. ती माझ्या शेजारून पुढे गेली आणि लाकडं फोडणाऱ्या आमच्या यजमानाच्या कमरेला बिलगली. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, तिला उचललं आणि विचारलं, “रा गिंदा, मामा?”

काय हवंय, मामा?

मुलगी त्याला मामा म्हणते आणि तो मुलीला मामा म्हणतो! मी तिथेच उभा राहिलो. माझे हात किंचित पुढे आले होते, ते मागे घेतले.

राजधानी तबिलिसीचे दोन दिवस, जॉर्जियन मिलिटरी रोडवरचा पावसातला प्रवास, गेर्गेतीच्या २१७० मीटर उंचीवरच्या चर्चपर्यंतची चढण, या सगळ्याबद्दल मी फार लिहिणार नाही. काझबेग शिखर तीन दिवसांत एकदाच, तेही दहा मिनिटं दिसलं. मला लिहायचंय ते त्या अंगणाबद्दल.

जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप, आणि ‘देदा’ म्हणजे आई. हे मी पूर्वी कुठेतरी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि त्या शब्दाने आपली मान वळणं वेगळं. संध्याकाळी यजमानाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत उलगडा केला. त्यांच्याकडे बाप लेकराला लाडाने ‘मामा’च म्हणतो आणि आई ‘देदा’ म्हणते. जी हाक मुलाकडून आली तीच परत करायची. देवळातल्या धर्मगुरूला ‘मामाओ’ म्हणतात, कारण तोही पिताच. राजधानी म्हणजे ‘देदाकालाकी’, आई-शहर. पृथ्वी म्हणजे ‘देदामित्सा’. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. तो विचार करून म्हणाला, “देदिस द्झ्मा.” आईचा भाऊ, शब्दशः. मग त्याने मला विचारलं, की तुमच्या भाचीने हाक मारली तर तुम्ही तिला काय म्हणता? ‘मामा’ असं उलट म्हणण्याची सोय आपल्याकडे नाही, याचं त्या क्षणी मला खरंच वाईट वाटलं.

जगभरातल्या आई-बापांच्या शब्दांचा मोठा संग्रह मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी केला होता. आईसाठी ५३१ आणि बापासाठी ५४१, असे एकूण १०७२ शब्द. त्यावर भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९५९ साली मांडणी केली. दूध पिताना बाळाचं तोंड बंद असतं, आवाज नाकातून येतो, त्यातून ‘म’ उमटतो, म्हणून तो बहुतेक ठिकाणी आईला चिकटतो. प, ब, त, द बहुधा बापाच्या वाट्याला जातात. जॉर्जियनमध्ये नेमकं उलटं झालं. बाळ जे पुटपुटतं ते सगळीकडे जवळपास तेच असतं. त्याचा अर्थ कोणाला चिकटवायचा हे ऐकणारे मोठे ठरवतात. मला या गोष्टीत फार ओलावा वाटतो. कोण्या एका आईने कधीतरी हा ‘मामा’ बापाच्या नावे केला असेल, आणि कोण्या दुसऱ्या घरात तो भावाच्या नावे झाला असेल.

जेवताना आणखी शब्द भेटत गेले. ‘पुरी’ म्हणजे पाव, भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेला. पण त्यांचा ‘प’ आपल्यासारखा नाही, तो घशातून छोटा झटका देऊन फुटतो. माझ्या तोंडून तो एकदाही नीट आला नाही आणि यजमानाच्या आईने, म्हणजे मुलीच्या बेबियाने, आजीने, मला तो दहा वेळा तरी म्हणायला लावला. ‘की’ म्हणजे होय. आणि घरच्या माणसांत, सलगीने होय म्हणायचं तर, चक्क ‘हो’. परक्या देशात, अंधाऱ्या स्वयंपाकघरात, एक म्हातारी बाई नातीला ‘हो, हो’ म्हणत असताना घर किती जवळ आल्यासारखं वाटतं, हे मी कसं सांगू?

मग ती मुलगी एक पुस्तक घेऊन आली. कडा झिजलेलं, तिच्या बापाच्या लहानपणचं. ‘देदा एना’, म्हणजे मातृभाषा. याकोब गोगेबाश्विली यांनी १८७६ साली लिहिलेली अंकलिपी, जिच्यावर जॉर्जियातल्या पिढ्यान्‌पिढ्या वाचायला शिकल्या. लिपीतल्या ३३ अक्षरांपैकी फक्त दोन अक्षरांवर तिचं पहिलं वाक्य उभं आहे. मुलीने त्यावर बोट ठेवून वाचलं, “आइ इआ.”

मी म्हणालो, “आई?”

ती म्हणाली, “आइ.”

मी बेबियाकडे बोट दाखवलं. आमच्याकडे आई म्हणजे देदा, असं सांगायचा प्रयत्न केला. मुलीने जोरात मान हलवली, “आरा!” म्हणजे नाही. तिने चित्रातल्या जांभळ्या फुलावर बोट टेकवलं. ‘आइ’ म्हणजे ‘हे बघ’, ‘हे इथे’. ‘इआ’ म्हणजे व्हायोलेटचं फूल. हे बघ, फूल. मातृभाषा नावाच्या पुस्तकातला पहिलाच शब्द माझ्या कानाला आई ऐकू येतो आणि त्याचा आईशी काही संबंध नाही. मुलीने ती दोन अक्षरं माझ्या वहीत काढून दिली आणि माझ्याकडून गिरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मात्र माझा विरस झाला. आमच्या गटातले एक गृहस्थ, वयाने मोठे, आदल्या रात्रीच्या गप्पा ऐकून खुशीत होते. पुरी, हो, मामा: यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की ही भाषा आपल्या संस्कृतातूनच निघाली, आणि तो त्यांनी यजमानालाच ऐकवला. त्याच्या घरात, त्याच्या टेबलावर.

मी त्यांना म्हटलं, काका, शब्द सारखा ऐकू आला म्हणून नातं ठरत नाही. आपलं सप्त आणि फारसीचं हफ्त कानाला वेगळे वाटतात, पण ते सख्खे आहेत, कारण आपल्याकडच्या ‘स’च्या जागी तिकडे ‘ह’ येणं हे एका शब्दापुरतं नाही, सिंधू आणि हिंदू पाहा. असा नियम जॉर्जियनशी जुळत नाही. एर्ती, ओरी, सामी, ओत्खी, खुती, हे त्यांचे एक ते पाच. यात आपलं कुणी नाही. आपली पुरी संस्कृतातल्या पूरिकेपासून आली, त्यांची नाही. जपानीतही प्रश्नाच्या शेवटी ‘का’ येतो, आपल्यासारखाच. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च म्हणत, इंग्रजीशी काडीचा संबंध नसताना. तोंडातून निघणारे आवाज मोजके आणि भाषा हजारो, मग असे शब्द समोरासमोर येणारच.

त्यांना ते पटलं नाही. मला राग आला तो चुकीपेक्षा त्या घाईचा. समोरच्याची भाषा आवडली की लगेच ती आपली ठरवायची कशाला? यजमान गप्प होता. बेबिया हळूच काहीतरी बोलली आणि त्याने भाषांतर केलं. १९७८ साली ती तबिलिसीत शिकत होती. सोव्हिएत काळात जॉर्जियनचा राज्यभाषेचा दर्जा काढून घ्यायचं घाटत होतं, तेव्हा १४ एप्रिलला रस्त्यावर उतरलेल्या गर्दीत तीही होती. दर्जा टिकला. एवढं सांगून तिने आमच्या गृहस्थांच्या ताटात आणखी एक पुरीचा तुकडा वाढला.

निघायच्या सकाळी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. “मामा, कधी येणार?” अंगणात खेळणारी मुलगी थबकली, धावत आली, फोनच्या पडद्यात डोकावली आणि बापाला काहीतरी विचारलं. तो हसून म्हणाला, “ती विचारतेय, ही तुमची मुलगी का?”

मी ‘हो’ म्हणालो.

परतताना तबिलिसीत एक दुपार मोकळी होती. म्तात्समिंदा डोंगराच्या उतारावर मामादाविती चर्च आहे, पहिल्या फेरीत मी ते नुसतं बघून आलो होतो. आता नाव कळलं: पिता दाविद. त्याच्या आवारात जॉर्जियाचे लेखक-कवी विसावले आहेत आणि त्यांत गोगेबाश्विलीही. मला ३३ पैकी दोनच अक्षरं येत होती. मी वही उघडली, मुलीने काढून दिलेली अक्षरं पाहिली आणि त्यांचं नाव वाचायला लागलो. याकोब हे नाव त्यांच्या लिपीत त्याच दोन अक्षरांनी सुरू होतं, फक्त क्रम उलटा. इ, आ. इआ. पुढचं मला वाचता आलं नाही.