तुम्ही विचारलंत म्हणून: कोतो, गुझेंग आणि गायागुम

"जपानी, चिनी, कोरियन पारंपरिक संगीत आम्हाला एकसारखंच वाटतं. ओळखायचं कसं?" हे बरेच जण विचारतात. पाच स्वरांच्या रचना तिन्हीकडे भरपूर आहेत, त्यामुळे स्वर मोजून फारसं काही हाती लागत नाही. तार छेडल्यानंतर त्या स्वराचं काय होतं, तिकडे कान द्यावा.

सोय अशी, की तिन्ही देशांत एकाच कुळातलं वाद्य आहे. लांब लाकडी पेटी, वर तारा, प्रत्येक तारेखाली सरकती घोडी. उजव्या हाताने छेडायचं आणि घोडीच्या डावीकडे तार दाबून मींड काढायची, म्हणजे स्वर सलग घसरवत न्यायचा.

चीनच्या गुझेंगला आज साधारण 21 तारा असतात. त्या भूप रागाच्या स्वरांत, चार सप्तकांत लावतात. पंचमाच्या तारा हिरव्या, म्हणजे नजर चुकत नाही. मध्यम आणि निषाद तारांवर नाहीतच. गंधाराची तार दाबून मध्यम मिळतो, धैवताची दाबून निषाद. दाब घोडीपासून वीतभर अंतरावर द्यायचा. फार जवळ दाबलं तर तार कडक लागते, बोट कचरतं आणि मध्यम उतरलेलाच राहतो. नवशिक्यांची हीच चूक सर्वांत जास्त ऐकू येते. नख्या चिकटपट्टीने बोटांना बांधलेल्या असतात, त्यामुळे नाद लख्ख आणि सलग वाहता.

जपानच्या कोतोला 13 तारा. हिराजोशी पद्धतीने लावला, की सा, कोमल रे, म, प, कोमल ध हे स्वर मिळतात, म्हणजे आपल्या गुणक्री रागाचेच. म्हणून तो मराठी कानाला पहिल्या क्षणी ओळखीचा वाटतो. पण गुणक्रीचं आंदोलन, म्हणजे स्वराचं संथ झुलणं, इथे शोधू नका. स्वर छेडला, की बहुतेक वेळा तो आपोआप विरू देतात आणि ती रिकामी जागाही वाजवण्यातच धरतात. नख्या अंगठा, तर्जनी आणि मध्यमेत. इकुता घराण्यात त्या चौकोनी असतात आणि वादक तिरका बसतो. यामादा घराण्यात टोकं गोलसर, बैठक सरळ.

कोरियाच्या गायागुमवर मात्र जीव जडतो. 12 रेशमी तारा, नखी नाही, उघडी बोटं. सांजो या एकल वादनाच्या प्रकारात, करुण अंग असेल तेव्हा, खालचा स्वर रुंद हलवायचा, मधला सरळ ठेवायचा आणि वरचा लागताच खाली मोडायचा. हलवणं अरुंद झालं, तर सगळी आर्तता जाते. सांजो हा प्रकार किम छांग-जो (1865–1919) यांच्या नावाशी जोडला जातो. त्यात लय विलंबितापासून टप्प्याटप्प्याने वाढते. त्यातलं जुंगमोरी हे तालचक्र 12 मात्रांचं, पण एकतालासारखं दोन-दोनने मोजू नका. तीन-तीनचे चार खंड धरा आणि 9व्या मात्रेचा ठोका ऐका.

गळ्यातला फरक आणखी लवकर कळतो. चिनी पेकिंग ऑपेरातल्या स्त्रीभूमिकेचा आवाज बारीक, उंच. जपानी नोह नाट्यातलं गायन खर्जातलं, दाबलेलं. कोरियन पान्सोरीत, म्हणजे गाऊन सांगितलेल्या कथेत, एक गायक, एक ढोलवाला आणि मुद्दाम घासून तयार केलेला खरखरीत गळा. तिथे दाद ढोलवालाही देतो, "ऑल्सिगु!" म्हणून.

आणि शामिसेन हे जपानी तंतुवाद्य ऐकाल, तेव्हा तंबोऱ्याची जवारी आठवेल. तिच्या तीन तारांपैकी सर्वांत जाड तार वरच्या बाजूला दांडीला हलकीच शिवते आणि झणझणते. त्याला सावारी म्हणतात. बाकीच्या तारा सुरात मिळाल्या, की ती झणझण वाढते.