लुईस-हॅरिसचे पाच दिवस: जाणाऱ्यांनी काय न्यावं, काय तिथंच घ्यावं

लुईस-हॅरिस हे स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांतलं एक बेट. उत्तरेला लुईस, दक्षिणेला हॅरिस, आणि स्टॉर्नोवे हे तिथलं मुख्य गाव. निघायच्या आठवडाभर आधी स्टॉर्नोवेजवळच्या आमच्या यजमानीणबाईंचा फोन आला. ग्लासगोहून येताना एक पार्सल आणाल का, एवढंच विचारायचं होतं. वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर. वस्तू अठरा पौंडांची आणि बेटावर पोचवायचे बावीस. दुसऱ्या एका दुकानाने तर तिकडे पाठवतच नाही म्हणून सांगितलं. मी मूळचा राजापूरचा. गावी जाताना पिशवीभर लोकांची सामानं नेण्यातच वाढलो, त्यामुळे हो म्हणायला क्षणही लागला नाही. पण ब्रिटनसारख्या देशात हे मागावं लागतं, याचं वाईट वाटलं.

आम्ही तिघं मे महिन्यात गेलो. इन्व्हरनेसहून उल्लापूलला बस जाते, साधारण दीड तास, बोटीच्या वेळेला जोडून. पुढे स्टॉर्नोवेपर्यंत बोटीने पावणेतीन तास. गाडी न्यायची असेल तर उन्हाळ्यासाठी काही महिने आधी बुकिंग करा. पायी जाणाऱ्याला जागा सहसा मिळते. २००८ पासून इथलं बोटभाडं तेवढ्याच अंतराच्या रस्त्याच्या खर्चाच्या हिशोबाने ठरवायला सुरुवात झाली. त्यामुळे भाडी उतरली आणि आपल्यासारख्यांना जाणं परवडू लागलं. पण पाहुण्यांच्या गाड्यांनी बोट भरली की गावातल्या माणसाला इन्व्हरनेसच्या दवाखान्यात जायला गाडीची जागा मिळत नाही. म्हणून शक्य असेल तर गाडी नेऊच नका. स्टॉर्नोवेहून डब्ल्यू-१० बस हॅरिसमध्ये टार्बर्ट आणि लेव्हरबर्गपर्यंत जाते आणि डब्ल्यू-२ पश्चिम किनाऱ्याची फेरी मारते. कॅलनिशचे उभे दगड, कार्लोवेचा प्राचीन बुरूज, सगळं त्याच वाटेवर आहे. वेळापत्रक कागदावर घ्या, रेंज जाते.

इथली गरिबी वरवर बघणाऱ्याला दिसत नाही. घरं पांढरी स्वच्छ, दारात गाडी. ती कळते घराच्या आत. बाईंच्या घरात मे महिन्यातही एकच खोली तापवलेली होती आणि बाकी दारं घट्ट बंद. आमच्या खोलीतला हीटर मात्र त्यांनी आधीच लावून ठेवला होता, आणि तो मला त्या पाच दिवसांत सारखा टोचत राहिला. स्टॉर्नोवे शहराबाहेर पाइपचा गॅस नाही. बहुतेकांची भिस्त विजेवर नाहीतर तेलावर. तेल एका वेळी निदान पाचशे लिटर घ्यावं लागतं, म्हणजे पैसे एकरकमी हवेत, आणि सरकारी नियामक संस्थेने विजेच्या-गॅसच्या दरावर घातलेली कमाल मर्यादा या तेलाला लागू नाही. वारा बारा महिने, घरं जुनी, वस्ती वयस्कर. कमाईचा मोठा हिस्सा घर उबदार ठेवण्यात जातो अशा कुटुंबांचं प्रमाण स्कॉटलंडमध्ये सर्वांत जास्त याच बेटांवर आहे. दुर्गम स्कॉटलंडमध्ये साधं, नीटनेटकं जगायला ब्रिटनच्या शहरांपेक्षा १५ ते ३० टक्के जास्त खर्च येतो, असं सरकारी अहवालातच २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरुण पोरं मेनलँडला, म्हणजे मुख्य भूमीवर जातात. आउटर हेब्रिडीजची २०११ मध्ये २७,६८४ असलेली लोकसंख्या २०२२ मध्ये २६ हजारांच्या आसपास आली.

दुसऱ्या दिवशी बाईंचा पुतण्या पीट कापायला निघाला होता, मीही गेलो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून घट्ट झालेली वनस्पतींची माती. तेलाचे भाव भडकल्यावर ज्यांनी हे काम सोडलं होतं, त्यांतले काही पुन्हा त्याकडे वळले. लांब दांड्याचं, पात्याला काटकोन असलेलं त्याचं अवजार असतं. एकजण पायाने दाबून कापतो, दुसरा खाली उभा राहून लादी झेलतो आणि वर फेकतो. मी झेलायला होतो. लादी हातात आली की ओल्या गुळाच्या ढेपेसारखी लागते, काळी, चकचकीत, गार, आणि नीट धरली नाही तर बोटांतून निसटते. तासाभरात माझी कंबर गेली. मग ती आठवडे वाऱ्यावर वाळवायची, उभी करायची, गंजी रचायची. ही दलदल कार्बन धरून ठेवते, ती जाळू नये, हे त्या पोरालाही ठाऊक आहे. पण आजीची खोली डिसेंबरमध्ये कशाने तापवायची, याचं उत्तर त्याला कुणी दिलेलं नाही.

आणि तरीही ही माणसं हातावर हात धरून बसलेली नाहीत. यासाठीच मी हे लिहितोय. इथले शेतकरी म्हणजे क्रॉफ्टर, आपल्या भाषेत कुळं. १८८६ च्या कायद्याने त्यांना जमिनीवरून हुसकण्यापासून संरक्षण मिळालं, पण मालक साहेबच राहिले. १९२३ मध्ये स्टॉर्नोवे परिसराची जमीन तेव्हाचा मालक लॉर्ड लेव्हरह्यूमने गावाला दिली. पुढे २००३ मध्ये उत्तर हॅरिस आणि २००७ मध्ये गॅल्सन ही इस्टेट गावकऱ्यांनी विकत घेतली. आज आउटर हेब्रिडीजमधली दहापैकी सात माणसं गावकीच्या मालकीच्या जमिनीवर राहतात. स्टॉर्नोवेजवळ बेन ग्रिडेगवर तीन पवनचक्क्या फिरतात, एकूण ९ मेगावॅटच्या. त्या पॉइंट अँड सँडविक ट्रस्ट या गावकीच्या संस्थेच्या आहेत. नफा कुणा परक्याच्या खिशात जात नाही, गावातल्या कामांना जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये स्काय बेटाला जोडणारी समुद्राखालची केबल तुटली, तेव्हा कित्येक महिने वीज बाहेर पाठवता येईना आणि हे उत्पन्न बुडालं. बेटांना डिझेलवर वीज पुरवावी लागली. डोक्यावर अखंड वारा आणि घरात महागडी वीज, हे मला अजूनही पटत नाही. तारा मोठ्या करणं आणि दर ठरवणं गावकीच्या हातात नाही, ते सरकार आणि त्याच्या नियामक संस्थेच्या हातात आहे.

म्हणून आपण काय करायचं? मेनलँडहून डिकी भरून किराणा नेऊ नका. मसाले न्या, ते मिळणं कठीण. तांदूळ, दूध, भाजी तिथं घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. लुईसमधल्या ऊइगला गावकऱ्यांनी चालवलेलं दुकान आहे, ते टिकलं तरच तिथल्या म्हाताऱ्यांना पावासाठी स्टॉर्नोवे गाठावं लागणार नाही. हॅरिस ट्वीड, म्हणजे इथलं लोकरी कापड, घ्यायचं तर विणकराच्या शेडवर जाऊन घ्या. १९९३ च्या कायद्यानुसार ते बेटवासीयांनी आपल्या घरीच हाताने विणलेलं असावं लागतं. कापडावरचा गोल शिक्का बघून घ्या. राहायला शक्यतो तिथंच राहणाऱ्या माणसाचं घर निवडा. बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेतलेल्या घरांमुळे तरुण जोडप्यांना भाड्याने घर मिळत नाही, हे आम्हाला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. जाहिरातीत परवाना क्रमांक असावाच लागतो, तो बघा.

रविवार लक्षात ठेवा. लुईसवर तो देवाचा दिवस. बस नाही, बहुतेक दुकानं बंद. एक मोठं सुपरमार्केट नोव्हेंबर २०२४ पासून उघडू लागलंय, पण शनिवारीच सामान आणि पेट्रोल घेतलेलं बरं.

परतीच्या दिवशी वाऱ्यामुळे बोट रद्द झाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकानात पाव आणि दुधाचे कप्पे रिकामे झाले होते. एक दिवस आणि एक दिवसाचं जेवण हाताशी ठेवाच, नोकरीवर सोमवारी हजर व्हायचं असेल तर शनिवारी निघा. बाईंनी जादा रात्रीचे पैसे घ्यायला ठाम नकार दिला. आम्ही ते चहाच्या डब्याखाली ठेवून आलो. नवं रबर बसलेलं मशीन तेव्हा शेजारच्या खोलीत गरगरत होतं.

तुम्ही जाल तेव्हा खोली बुक केल्यावर एक फोन करा आणि येताना काही आणायचंय का, तेवढं विचारा.