चिंगीचा तिसरा हार्नेस आणि उलटं चालायची कला

पहिला आठवडा

चिंगी पॉमेरेनियन, वय दीड वर्ष, वजन 2.8 किलो. आजवर तिचं फिरणं म्हणजे माझ्या कडेवरून जगाची पाहणी. गळ्यातल्या पट्ट्यालाच दोरी अडकवून दोनदा खाली नेली, तर दोन्ही वेळा पुढे झेपावली आणि खोकली. साधा खोकला नव्हे, बदक ओरडावं तसा कोरडा. डॉक्टरांनी तपासलं. सध्या सगळं ठीक आहे, पण गळ्यावर ताण नको म्हणाले. श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांमुळे उघडी राहते. पॉम, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा चिमुकल्या जातींत ही कडी मऊ पडून नळी चपटी व्हायचा धोका जास्त असतो. म्हणून गळपट्टा आता फक्त नावाच्या बिल्ल्यापुरता.

(आपण गळ्यातल्यालाही पट्टा म्हणतो आणि हातातल्यालाही. इथे घोटाळा नको म्हणून गळपट्टा आणि लीश असंच लिहिते.)

त्याऐवजी हार्नेस, म्हणजे गळ्याला न बांधता छाती-पाठीभोवती बसणारे पट्टे. पहिला हार्नेस मी पाकिटावरचं ‘लहान’ वाचून आणला होता. तो चिंगीच्या अंगावर झुल्यासारखा लोंबला. दुसरा आणला तो छातीवरून आडवा पट्टा जाणारा. दिसायला झकास, पण पट्टा नेमका खांद्याच्या सांध्यावर. पुढचा पाय पूर्ण टाकताच येईना, तुरुतुरु चालायला लागली. तेही चाललं असतं. पण तिसऱ्या दिवशी जिन्यात एका मोठ्या आवाजाला ती दचकली, माझ्याकडे तोंड करून मान खाली घातली आणि सरळ मागे सरकली. हार्नेस माझ्या हातात, चिंगी दोन पायऱ्या वर. वरच पळाली हे नशीब. खाली रस्ता होता.

तेव्हापासून माझी परीक्षा एकच. नवा हार्नेस घालायचा, घरात दार लावून तिच्यासमोर बसायचं, लीश हलकेच आपल्याकडे घ्यायची आणि तिला मागे सरकू द्यायचं. कोपर पट्ट्यातून बाहेर येताना दिसलं की हार्नेस नापास. दुकानात कुत्रं पुढे चालवून बघतात सगळे, सुटतं मात्र ते मागे चालून.

दुसरा आठवडा

तिसरा हार्नेस. पुढून इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा, उभा पट्टा छातीच्या हाडावर, दोन्ही खांदे मोकळे. यावेळी आधी माप घेतलं. मानेचा घेर गळपट्ट्याच्या जागी नाही, खाली, जिथे मान खांद्यांना मिळते तिथे. छातीचा घेर पुढच्या पायांमागे, सगळ्यात रुंद भागावर. पॉमवाल्यांनी एक लक्षात ठेवा: टेप केसांवरून फिरवू नका, केसांत दाबून घ्या. वरवर 36 सेंटिमीटर भरलेली छाती दाबल्यावर 33 निघाली. पहिल्या दोन हार्नेसचं गणित इथेच चुकलं होतं.

पट्ट्याखाली दोन बोटं जावीत असं सगळे सांगतात. एवढ्याशा कुत्र्याला माझी दोन बोटं म्हणजे भलतीच ढील. मी एक बोट सहज जाईल इतपत ठेवते. पोटाचा पट्टा काखेत घासू नये म्हणून कोपरापासून दोन बोटं मागे. शिवाय हार्नेसच्या कडीपासून गळपट्ट्याच्या कडीपर्यंत एक छोटा जोडपट्टा लावलाय. चालताना तो सैल असतो, हार्नेस निसटलाच तर कामी येईल.

लीश दीड मीटरची, अरुंद. हुक हातात घेऊन वजन पाहा. मोठ्या कुत्र्याचा हुक हिच्या पाठीवर दर पावलाला आपटतो. चक्रीवाली लीश, म्हणजे मुठीतून दोरी आपोआप आत-बाहेर होणारी, मला नकोच. तिच्यात ताण कायम असतो, म्हणजे ओढलं की पुढे जाता येतं हाच धडा. आणि मूठ हातातून सुटली की ती खडखडत कुत्र्याच्या मागे धावते.

तिसरा आणि चौथा आठवडा

हार्नेस घातला की चिंगीचा पुतळा. मान खाली, शेपटी खाली, मी जणू तिचं राज्य हिसकावलंय. चूक माझी. डोक्यावरून झटकन घालून बकल लावून टाकत होते. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. गळ्याच्या फटीतून पलीकडे खाऊ धरायचा, तिने स्वतः डोकं घालायचं, खाऊ घेऊन परत काढायचं. दोन दिवस एवढंच. मग बकलचा ‘टक्’ आवाज आणि लगेच खाऊ. मग घालून जेवण. सहाव्या दिवशी हार्नेस पाहून शेपटी हलली!

खाऊचे तुकडे ज्वारीच्या दाण्याएवढे केले आणि तेवढं जेवण ताटलीतून कमी केलं. 2.8 किलोच्या जिवाला चार जादा तुकडेही अंगी लागतात. आणि हातातून वरून खाऊ देऊ नका. चिंगी दोन पायांवर नाचायलाच शिकली. आता खाऊ माझ्या डाव्या बुटाशेजारी जमिनीवर पडतो, त्यामुळे ती आपोआप तिथेच चालते. कंबरही वाचते.

पाचवा आणि सहावा आठवडा

खालच्या अंगणात, दिवसातून दोनदा, पाच पाच मिनिटं. लीश ताणली की मी थांबते. ओढत नाही, कारण मागे ओढलं की ती दुप्पट जोराने पुढे रेटते. तिने वळून पाहिलं, लीश सैल पडली, की चालू. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत आम्ही जेमतेम फाटकापर्यंत पोचलो. शेजारचे काका विचारत होते, “काय हरवलंय का?”

मोठी प्रगती खाऊने नाही, वासाने झाली. दहा पावलं सैल चालली की “जा, हुंग!” म्हणून तिला तिच्या लाडक्या खांबाकडे नेते. आता खांब दिसला की ओढायच्या आधी माझ्याकडे बघते. दहातल्या सहा वेळा म्हणा.

अडलेलं: कोपरामागे केसांच्या गाठी झाल्यात, म्हणून घरात आलं की हार्नेस लगेच उतरवून विंचरते. आणि समोरून दुसरं कुत्रं आलं की सगळं शिक्षण हवेत. सध्या लांबूनच वाट बदलतो आम्ही. ती त्या कुत्र्याकडे बघूनही खाऊ घेते ते अंतर आज मोजलं, वीस पावलं भरलं. पुढच्या आठवड्यात अठरावर येतोय का बघते.